रुळांच्या कडेची पुस्तकं

सेलू नावाची दोन तालुक्याची गावं महाराष्ट्रात आहेत. एक वर्ध्याजवळचं, दुसरं आमचं. त्यामुळे इथल्या माणसाला पत्त्यात ‘जि. परभणी’ ठळक लिहायची सवय लहानपणीच लागते. बाहेरून पुस्तकं मागवणाऱ्याला तर ते दोनदा लिहिलं तरी धीर नसतो. पण मला या दोन सेलूंमधला फरक पत्त्याचा कधी वाटला नाही. वर्ध्याकडच्या सेलूतल्या माझ्या आजोबांच्या वयाच्या मुलाला शाळेत मराठीतून गणित-भूगोल शिकता आलं असतं. माझ्या आजोबांना ते चौथीनंतर उर्दूतून शिकावं लागलं. ते सेलू इंग्रजांच्या मुलखात होतं, आमचं निजामाच्या. वाचनालयाचा विचार करायचा तर इथून सुरुवात करावी लागते.

आमच्या भागात जुनी गावं कमी नाहीत. वालूरची बारव पाहायला हल्ली लांबून माणसं येतात, पाथरी पुरातन, चारठाण्याची देवळं तर अभ्यासकांच्या वहीत कायमची. खुद्द सेलूतही केशवराज बाबासाहेबांचं मंदिर आहे. साईबाबांचे गुरू म्हणून दासगणूंनी ज्या गोपाळराव देशमुखांची कथा सांगितली, ते याच गावचे. म्हणजे सेलूही काही कालचं नव्हे. पण गावाला पेठेचं रूप दिलं ते रुळांनी. मनमाडहून सिकंदराबादला जाणारा मीटरगेज लोहमार्ग 1901 पर्यंत पुरा झाला आणि इथल्या काळ्या रानातला कापूस गाडीत चढू लागला. जिनिंग आले, अडत आली, अडत्यांच्या पेढ्या आल्या, मुनीम आले. गाडी जाताना कापूस नेई. येताना काय आणी याचा हिशेब कुणी ठेवला नाही, कारण त्यावर अडत नव्हती.

येताना ती छापील कागद आणी.

परभणीचं गणेश वाचनालय 1901 सालचं. गाडी आली तेच वर्ष. याला योगायोग म्हणायला माझं मन तयार होत नाही. वर्तमानपत्र हे शिळं झालं की संपलं. बैलगाडीच्या वाटेनं आठ दिवसांनी पोचणाऱ्या अंकासाठी कुणी खोली भाड्याने घेऊन बाकडी मांडत नाही. पण पुण्या-मुंबईचा अंक मनमाडला गाडी बदलून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फलाटावर उतरू लागला की तो वाचायला चार माणसं जमतात. चार माणसं जमली की एकाला वाटतं वर्गणी काढावी, दुसऱ्याला वाटतं कपाट घ्यावं, तिसरा घरातल्या जुन्या पोथ्या आणि दोन-चार कादंबऱ्या आणून ठेवतो. चौथा नुसताच बोलतो. पुढे तोच अध्यक्ष होतो. आमच्या रुळांच्या कडेनं कुठल्याही गावच्या वाचनालयाची जन्मकथा विचारा, थोड्याफार फरकानं हीच निघते.

मात्र 1901 हे साल उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने किती उशिराचं आहे, तेही पाहायला हवं. रत्नागिरीत ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ 1828 साली निघाली. अहमदनगरला 1838 मध्ये, पुण्याला 1848 मध्ये. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. म्हणजे रत्नागिरीच्या आणि परभणीच्या वाचकात पाऊणशे वर्षांचं अंतर आहे. मराठवाड्यातला माणूस वाचनाला आळशी म्हणून हे अंतर पडलं, असा समज पश्चिमेकडच्या मंडळींत पूर्वी होता. अजूनही कधी एखाद्या संमेलनाच्या जेवणाच्या रांगेत तो ऐकू येतो. अशा वेळी मी वाढून घेतो आणि पुढे सरकतो.

खरं कारण नकाशावर दिसतं. मनमाडहून निघालेली गाडी अंकाई, नगरसूल मागे टाकून रोटेगावला आली की निजामाची हद्द. हद्द म्हणजे नुसती रेघ नव्हती. निजामाचं जकातीचं स्वतंत्र खातं होतं, त्याला ‘करोडगिरी’ म्हणत. नाणं वेगळं होतं: पलीकडे कलदार, इकडे हाली. पुस्तकावर किंमत छापलेली असे कलदारात, वाचनालयाची वर्गणी जमे हालीत, आणि हाली रुपया कलदारापेक्षा हलका. म्हणजे पुण्यात जे पुस्तक एक रुपयाला मिळे ते आमच्या गावात रुपयापेक्षा जास्तीचं. वर टपालखर्च. पंचांग वेगळं होतं: सरकारी कागदावर फसली सन. माणूस सेलूत जन्मे 1329 साली आणि मनमाडला उतरला की एकदम 1920 साली पोचे. आजोबांची जन्मतारीख काढताना माझ्या वडिलांना दर वेळी 590 मिळवून हिशेब करावा लागे आणि दर वेळी उत्तर एका वर्षाने मागेपुढे होई.

आणि भाषा वेगळी. 1884 च्या सुमारास हैदराबाद राज्याच्या कारभारात फारसीची जागा उर्दूनं घेतली. पुढे 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे उच्च शिक्षण उर्दूतून. इंग्रजीऐवजी देशी भाषेत विज्ञान-वैद्यक शिकवायचं हा प्रयोग म्हणून तो मोठाच होता. त्यासाठी हैदराबादेत भाषांतराचं स्वतंत्र खातं उभं राहिलं आणि त्यातून किती तरी ग्रंथ उर्दूत आले. हे श्रेय नाकारणं खोटेपणाचं होईल. पण त्या राज्यात तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी माणसं बहुसंख्य होती आणि त्यांच्या वाट्याला स्वतःची भाषा प्राथमिक शाळेपुरती आली. वरच्या शाळेत नाही, कचेरीत नाही, कोर्टात नाही. मग मराठी राहायची कुठे? घरात राहिली, देवळात राहिली, जात्यावर राहिली. चातुर्मासात पोथी लागे. एक जण वाची, पन्नास ऐकत. हे आमचं पहिलं वाचनालय म्हणायला हरकत नाही, फक्त त्यात पुस्तक एक आणि वाचक एक. मराठी डोळ्यांनी एकट्यानं, मुकाट वाचायची, तेही देवाधर्माचं नसलेलं काही वाचायचं, याला सार्वजनिक जागा वाचनालयानं दिली. पुण्यातलं वाचनालय शाळा-कॉलेजाच्या जोडीनं उभं होतं. आमच्याकडे त्याला शाळेच्या ऐवजी उभं राहावं लागलं.

हैदराबादच्या मराठी मंडळींनी 1922 मध्ये तिथे मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. त्याआधी, 1901 मध्ये, तेलुगू मंडळींनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम काढलं होतं. पुन्हा 1901. एकाच दरबाराखाली दोन भाषांना एकाच काळात कपाटाची आठवण झाली. औरंगाबादेत बलवंत वाचनालय निघालं. ते बलवंत म्हणजे टिळक, हे नाव ठेवणाऱ्यांनाही ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्या अंमलदारांनाही. परभणीला गणेश, औरंगाबादेत बलवंत. देवाचं किंवा माणसाचं, नाव असं निवडलं जाई की कुणाला उघड हरकत घेता येऊ नये.

कारण हरकत घेतली जाई. ‘गश्ती निशान 53’ या फर्मानामुळे सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. खासगी शाळेला परवानगी, आखाड्यावर नजर, वाचनालयाबद्दल संशय. दहा माणसं एका खोलीत संध्याकाळी बसतात आणि त्यातला एक मोठ्यानं वर्तमानपत्र वाचतो, हे पोलिसांच्या लेखी सभेच्या फार जवळचं होतं. बाहेरची अनेक वर्तमानपत्रं हद्दीत येऊ नयेत असे हुकूम निघत. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघे. बंदी नावावर असे, मजकुरावर नव्हे. दरबारी कारभाराच्या या काटेकोरपणाचा वाघमाऱ्यांनी जितका फायदा घेतला तितका क्वचितच कुणी घेतला असेल. नव्या नावाचा अंक जुन्याच वाचकाच्या हातात पडे.

याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाजवळची एक गोष्ट मला नेहमी खटकते. मनमाडच्या पलीकडे, मालेगावच्या बाजूला कौळाणे नावाचं खेडं आहे. तिथला गोपाळराव नावाचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला. त्यानं 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्याखेड्यांत फिरती ठेवली. बडोदा संस्थान, हैदराबाद संस्थान. दोन्ही राजांना इंग्रज सलामीच्या एकवीस तोफा देत. एक संस्थान पेटीत पुस्तकं घालून खेड्याला पाठवत होतं, दुसरं खेड्याला विचारत होतं की पेटी उघडण्याची परवानगी घेतली होती का. कौळाण्याहून सेलू काही फार लांब नाही. दत्तक घ्यायला येणारे आणखी थोडे पूर्वेला आले असते तर, असा एक बाष्कळ विचार माझ्या मनात येऊन जातो.

आमच्या शेजारचं स्टेशन सातोना. सेलूहून जालन्याकडे निघालं की पहिलंच. 15 ऑगस्ट 1913 रोजी तिथे भगवान रघुनाथ कुलकर्णी जन्मले. मराठी वाचक त्यांना बी. रघुनाथ म्हणून ओळखतो. शिकायला त्यांना हैदराबादला जावं लागलं. तिथल्या विवेकवर्धिनीत ते शिकले आणि पुढे परभणीत बांधकाम खात्यात कारकून झाले. दिवसभर कचेरीतलं दप्तर उर्दूत, संध्याकाळनंतर स्वतःचं लिखाण मराठीत. ‘आलाप आणि विलाप’ मधल्या कविता, ‘आडगावचे चौधरी’ सारखी कादंबरी, कथा, ललित लेख, हे सगळं त्या उरलेल्या वेळातलं. 7 सप्टेंबर 1953 ला कचेरीत काम करता करता ते गेले. वय चाळीस. गणेश वाचनालय परभणीत त्यांच्या नावानं दरवर्षी महोत्सव भरवतं आणि सप्टेंबरात तिथे चार दिवस पुस्तकांची, कवितांची, नाटकांची वर्दळ असते.

मी बी. रघुनाथांचा विचार करतो तो वाचक म्हणून. सातोन्यात जन्मलेल्या, उर्दूत नोकरी करणाऱ्या माणसाच्या हाताशी मराठी पुस्तकं येत कुठून? पुणे-मुंबईच्या लेखकाला प्रकाशकाचं दुकान चार गल्ल्यांवर होतं. याला गाडीची वेळ बघावी लागे. त्याच्या भाषेत आमच्या मातीची बोली, दख्खनीचा खडा आणि संस्कृत वळणाचे शब्द एकमेकांना खेटून बसतात. पुण्याच्या टीकाकारांना ती वाक्यं जड वाटली. मला ती जड वाटत नाहीत. आमच्या बाजारात माणूस एकाच वाक्यात ‘मेहेरबानी’ म्हणतो, ‘कृपा’ म्हणतो आणि वर ‘लई’ लावतो. बी. रघुनाथांनी वाचलं असेल ते नीटस छापील मराठी, ऐकलं ते हे, आणि कागदावर दोन्ही उतरलं.

1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. अध्यक्ष गोविंदराव नानल. सातोना, उस्मानपूर आणि मग परतूर, इतकंच ते आमच्यापासून लांब. मराठी शिक्षणाची, नागरी हक्कांची मागणी तिथे उघडपणे झाली. तोवर जे संध्याकाळी बाकड्यावर बसून हलक्या आवाजात बोललं जाई ते मांडवात बोललं गेलं. पुढची अकरा वर्षं वाचनालय आणि चळवळ यांच्यातली भिंत आमच्या भागात फार पातळ होती. रझाकारांच्या दिवसांत तर कपाटाच्या किल्ल्या खिशात घेऊन माणसं परागंदा झाल्याच्या गोष्टी घरोघर सांगतात. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झालं. बी. रघुनाथांचा पंधरा ऑगस्टचा वाढदिवस आणि आमचं स्वातंत्र्य यांच्यात तेरा महिन्यांचं अंतर पडलं.

इथपर्यंत सांगितलं की ऐकणाऱ्याला हुरूप येतो, आणि मलाही. पण ही गोष्ट अशीच सोडून दिली तर ती अर्धी राहील. त्या बाकड्यांवर कोण बसे? वकील, मास्तर, अडते, देशमुख-देशपांडे, पेढीवरचे मुनीम. बायका नव्हत्या, पुस्तक घरी जाई, तेही घरच्या पुरुषाच्या नावावर. गावकुसाबाहेरची माणसं पायरीपर्यंतही येत नसत, येऊ दिली जात नसत. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर होता आणि तो रंगवणाराही बहुधा आत येऊन वाचत बसला नसेल. निजामानं मराठीला दाराबाहेर ठेवलं म्हणून ज्यांनी स्वतःचं दार उघडलं, त्यांनी ते किती उघडलं, हे विचारायला हवं. मराठवाड्यात ते दार खऱ्या अर्थानं ढकललं गेलं 1950 मध्ये, जेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं. त्याचं नाव पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. खेड्यापाड्यांतून पहिल्यांदा शिकायला निघालेली मुलं तिथे आली, वसतिगृहात राहिली, ग्रंथालयात बसली आणि त्यांच्यापैकी कित्येक जण लिहिते झाले. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ याच औरंगाबादेतून निघालं. आमच्या गावाकडच्या वाचनालयांच्या सोनेरी फोटोंत हा इतिहास दिसत नाही, पण त्या फोटोंतल्या कुणापेक्षाही त्यानं मराठीत जास्त भर घातली असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट फोटोत दिसत नाही. माझे आजोबा उर्दू सुरेख लिहीत. मोत्यासारखं म्हणतात तसं. जमिनीचे कागद, कोर्टाचे अर्ज, अगदी स्वतःच्या औषधांची यादीसुद्धा ते उर्दूत करीत. मराठी वाचत अस्खलित, पण देवनागरी लिहिताना त्यांचा हात अडखळे. मुक्तीनंतर काही वर्षांत दप्तराची भाषा बदलली आणि हा सुरेख हात बिनकामाचा झाला. गावात उर्दूही वाचणारे होते, त्यांची पुस्तकं होती, मासिकं येत. ती हळूहळू फक्त मुसलमानांची म्हणून बाजूला झाली. आजोबांना गालिब आवडे, पण गालिब मागायला कुठल्या कपाटाशी जायचं हे त्यांना शेवटी कळेनासं झालं होतं. मराठीचं दार उघडलं याचा आनंद मला पुरेपूर आहे. त्याच झटक्यानं दुसरं एक दार लोटलं गेलं आणि त्याची कडी कुणी लावली ते आम्ही विचारलंही नाही, याची चुटपुटही आहे. आजोबांच्या ट्रंकेतले कागद आज घरात कुणाला वाचता येत नाहीत.

मुक्तीनंतर वाचनालयाचा संबंध पोलिसांशी संपला आणि कारकुनाशी सुरू झाला. 1955 मध्ये हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा आला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, आणि 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1 मे 1968 पासून लागू झाला. मग वाचनालयांना वर्ग मिळाले: अ, ब, क, ड. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्गणीची पावतीपुस्तकं, जडसंग्रहाची नोंद, इतिवृत्त. वर्षातून एकदा तपासणी. अनुदान दोन हप्त्यांत. ज्यांनी पूर्वी बंदीचा अंक उशाखाली दडवला होता तेच आता नोंदवहीत खाडाखोड तर झाली नाही ना, म्हणून झोपेतून दचकून उठू लागले.

मी वाचू लागलो ते या दुसऱ्या काळात. तेव्हाची वाचनालयं मला आठवतात ती तपशिलांनी. काळ्या पुठ्ठ्याची बाइंडिंग, ज्यात पुस्तकाचं मूळ मुखपृष्ठ गायब होई आणि सगळे लेखक एकाच गणवेशात उभे राहत. पाठीवर पांढऱ्या रंगानं दाखलांक. पान 17 वर शिक्का. तोच का, हे मी एका ग्रंथपालांना विचारलं होतं; ते म्हणाले, ‘चोर पहिलं पान फाडतो, सतरावं कशाला फाडेल?’ रहस्यकथांची तर तऱ्हाच वेगळी. बाबूराव अर्नाळकरांचं पुस्तक हाती यावं आणि पहिल्याच पानावर आधीच्या कुणा दुष्टानं शिसपेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असावं. कधी ते नाव खोटंही असे. त्या अनाम वाचकाची विनोदबुद्धी मला आज लेखकापेक्षा वरची वाटते. दुपारी पेपरच्या उतरत्या फळीशी निवृत्त मास्तर उभे असत. ते अग्रलेख संपवीत तोवर खेळाचं पान कुणाला मिळत नसे. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असे आणि अंक फिरत फिरत होळीपर्यंत पोचे तेव्हा त्यातलं शब्दकोडं चार निरनिराळ्या शाईंत सुटलेलं असे.

बायकांच्या नावावर खाती निघाली ती साधारण याच काळात. माझी आई पुस्तक आणायला स्वतः कधी गेली नाही, मला पाठवी. चिठ्ठीवर तीन नावं. पहिलं नसेल तर दुसरं. तिन्ही नसतील तर, ‘काकांना म्हणावं, तुम्हीच द्या.’ ते काका, म्हणजे ग्रंथपाल, आईला कधीही भेटले नव्हते. तिला काय आवडतं हे मात्र त्यांना माझ्या वडिलांपेक्षा नेमकं कळे.

आता तालुक्यातल्या ज्या वाचनालयाशी माझा संबंध आहे ते एका खेड्यातलं, ‘ड’ वर्गाचं. ‘ड’ वर्गाला बरीच वर्षं सालाचे तीस हजार रुपये मिळत. 2022 मध्ये सरकारनं अनुदानात साठ टक्के वाढ केली, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. महिन्याला चार हजार. त्यात साधारण निम्मा ग्रंथपालाचा पगार. उरलेल्यात वीज, भाडं, वर्तमानपत्रं, बाइंडिंग आणि पुस्तकं. ग्रंथपालाला मिळतं त्यापेक्षा वेचणीच्या हंगामात कापूस वेचून जास्त मिळतं. आमचे ग्रंथपाल म्हणूनच त्या दिवसांत सकाळी शेतात असतात आणि दुपारनंतर वाचनालय उघडतात. तपासणीत हे सांगायचं नसतं, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. काही पुस्तकं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून येतात. ती चांगली असतात, पण कुणी मागितलेली नसतात.

वाचक आहेत का, असं शहरातले मित्र विचारतात. आहेत. सकाळी आठाला दार उघडायच्या आधी पायरीवर मुलं-मुली बसलेली असतात. फक्त ती आमची पुस्तकं घेत नाहीत. स्वतःची आणतात: पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा. त्यांना हवं असतं टेबल, पंखा, वायफाय आणि घरच्या गडबडीपासून लांबची शांत जागा. आमच्या पिढीतले काही जण यावर हळहळतात, वाचनालयाची अभ्यासिका झाली म्हणतात. मी हळहळत नाही. शंभर वर्षांपूर्वी बाकड्यावर बसणाऱ्यांनाही शाळेनं जे दिलं नव्हतं तेच इथे हवं होतं. आणि आज पायरीवर बसलेल्यांत मुली निम्म्याहून अधिक आहेत, आडनावं तर गावातल्या सगळ्या आळ्यांची आहेत. पाटीवरचा ‘सार्वजनिक’ हा शब्द आता कुठे खरा होतो आहे, आणि नेमक्या त्याच वेळी कपाटांना कुलूप राहतं आहे, हे मात्र मला बघवत नाही.

म्हणून मी एक युक्ती चालवतो. अभ्यासाच्या टेबलावर, प्रश्नसंचांच्या मधोमध, एखादं पुस्तक ‘विसरून’ येतो. आसाराम लोमटे याच सेलू तालुक्यातले; त्यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते पुस्तक पहिल्यांदा विसरलो तेव्हा आठवडाभर तिथेच होतं. मग नाहीसं झालं. देवघेव नोंदवहीत नोंद नाही. ग्रंथपाल चिडले, तपासणीला काय दाखवू म्हणाले. पंधरा-वीस दिवसांनी पुस्तक परत टेबलावर आलं, एका पानाचा कोपरा दुमडलेला, आणि समासात पेनानं ‘हे आमच्याच गावचं आहे’ असं लिहिलेलं. पुस्तकावर लिहिणं हा वाचनालयाच्या नियमांप्रमाणे दंडनीय गुन्हा आहे. मी ग्रंथपालांना सांगितलं, दंड माझ्या नावावर लावा, पण ते पान खोडू नका.

यंदाच्या खरेदीवरून कार्यकारी मंडळात वाद चालू आहे. सचिव म्हणतात, सगळे पैसे स्पर्धा परीक्षेच्या संचांवर घाला, मुलांना तेच हवं. मी म्हणतो, निम्मे तरी गोष्टींवर, कवितांवर घाला. आणि या वेळी दोन-चार उर्दू पुस्तकंही घ्या, गावात वाचणारी दहा-बारा घरं आहेत. सचिवांना उर्दूला विरोध नाही, त्यांची अडचण वेगळीच आहे: दाखल नोंदवहीत नाव उर्दूत लिहायचं की मराठीत, आणि लिहिणार कोण? मी मशिदीजवळच्या शाळेतल्या एका बाईंचं नाव सुचवलं आहे. त्या तयार आहेत. यादी मार्चअखेर मंजूर व्हायला हवी, नाहीतर पैसे परत जातात. अध्यक्ष लग्नाच्या गडबडीत आहेत, त्यांची सही राहिली आहे.